दुर्गम भागात आणि परदेशात आपत्कालीन वैद्यक: नागपूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या मेडिकल, मेयो आणि एम्स या रुग्णालयांतले इंटर्न, १०८ रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, नर्सिंगची मुलं-मुली आणि अधूनमधून त्यांचे आईवडीलही तेच तेच प्रश्न पाठवत असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. डोस दिलेत ते नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. तुमच्या कामाच्या ठिकाणचा प्रोटोकॉल वेगळं सांगत असेल तर तो पाळा. एक उत्तर दुसऱ्यात गुंतलंय तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॅज्युअल्टीत आम्ही रोज हेच करतो. मग दुर्गम भागातलं काम वेगळं ते काय?

आजार तेच, अंतर वेगळं. मेडिकलच्या ट्रॉमा सेंटरमध्ये सीटी, रक्तपेढी आणि फोन केला की येणारा सर्जन हाताशी असतो. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी जायचं आणि तालुक्याचं गाव दिवसचे दिवस तुटायचं. अशा जागी ‘याला काय झालंय’ एवढं विचारून भागत नाही. हा रुग्ण मी इथे किती तास सांभाळू शकेन, आणि पुढे न्यायचाच झाला तर कशाने, हेही पहिल्या पाच मिनिटांतच विचारावं लागतं. निर्वासितांची छावणी असो, जहाज असो की लडाखमधली चौकी, हे दोन प्रश्न सगळीकडे तेच राहतात. शहरात शिकलेल्या हुशार मुलांची निदानं बरोबर येतात, पण हे विचारायला त्यांना उशीर होतो.

२. मी इंटर्न आहे. आधी एमडी करू की आधी बाहेर पडू?

आधी बाँडचं वर्ष नीट करा. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर राज्यात एक वर्ष सेवा करावी लागते. बरेच जण खटपट करून शहराजवळची जागा मिळवतात आणि तिथे पुढच्या परीक्षेचा अभ्यास करतात. मला विचाराल तर एटापल्ली, धानोरा किंवा धारणी तालुक्यातलं एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र मागून घ्या. आपल्याला हे काम झेपतं का, हे दक्षिण सुदानपर्यंत न जाता तिथे वर्षभरात कळतं.

भारतात इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला २००९ साली मान्यता मिळाली, डीएनबीही आहे. पदवी उपयोगी आहेच. पण दूरच्या जागी फक्त आपत्कालीन तज्ज्ञ असून चालत नाही. बाळंतपण, लहान मुलं आणि हाडं बसवणं यातलं थोडं थोडं सगळं यावं लागतं. एमडीच्या काळात संधी मिळेल तशी प्रसूतिगृहात आणि भूलतज्ज्ञांबरोबर जादा ड्यूटी मागून घ्या.

३. परदेशात जायचं तर कोणत्या संस्था आहेत? थेट अर्ज करता येतो का?

सगळ्यात जास्त विचारणा ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’बद्दल होते. १९७१ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या संस्थेला १९९९ चं शांततेचं नोबेल मिळालं. तिचं भारतातही काम चालतं आणि दिल्लीत कार्यालय आहे. अर्ज थेट करता येतो. इंटर्नशिपनंतर साधारण दोन वर्षांचा अनुभव धरून चला. पहिली नेमणूक बहुधा अनेक महिन्यांची असते. सर्जन आणि भूलतज्ज्ञांना कमी मुदतीची मिळते. फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर नंबर लवकर लागतो.

१८६३ पासूनची आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती युद्धातल्या जखमींवर जास्त काम करते. तिथे शस्त्रक्रियेकडच्या लोकांना मागणी असते. लष्करी वैद्यकीय सेवेतून शॉर्ट सर्व्हिसने जाण्याचाही मार्ग आहे. २०२३ च्या तुर्कस्तानातल्या भूकंपानंतर इस्केंदेरूनला उभं राहिलेलं ३० खाटांचं फील्ड हॉस्पिटल आपल्याच लष्कराचं होतं.

एक गोष्ट मात्र करू नका. भूकंपाची बातमी पाहून स्वतःच तिकीट काढून निघू नका. २०१० मध्ये हैतीत जगभरातून उत्साही पथकं आली. त्यांतल्या कित्येकांकडे ना साधनं होती ना पुढच्या उपचाराची सोय. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने आपत्कालीन वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष ठरवले. सगळ्यात छोट्या फिरत्या पथकानेही दिवसाला ५० रुग्ण पाहिले पाहिजेत. एका ठिकाणी बसणाऱ्या पहिल्या श्रेणीच्या पथकासाठी हा आकडा १०० आहे. दुसऱ्या श्रेणीत २० खाटा आणि दिवसाला ७ मोठ्या शस्त्रक्रियांची तयारी लागते. शिवाय पाणी, अन्न आणि इंधन आपलं आपण न्यायचं. जिथे लोकांनाच प्यायला पाणी नाही, तिथे रिकाम्या हाताने आलेला डॉक्टर म्हणजे आणखी एक तोंड.

४. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन परदेशात चालतं का?

नाही. प्रत्येक देशाची नोंदणी वेगळी. मोठ्या संस्था तुमच्यासाठी तात्पुरती परवानगी काढतात, पण कागद तुम्हालाच जमवावे लागतात: पदवी, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, राष्ट्रीय वैद्यक आयोगाचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट. याला वेळ लागतो, म्हणून निघायच्या महिन्यात धावपळ करू नका. इकडचं नूतनीकरणही सांभाळा. आपल्या कौन्सिलला दर पाच वर्षांनी परिषदा-कार्यशाळांचे ३० क्रेडिट दाखवावे लागतात आणि बाहेर असताना ते हमखास राहून जातात. इंग्लंड किंवा आखाती देशांतल्या हॉस्पिटलमधली कायमची नोकरी हा वेगळा विषय आहे. तिथे प्लॅब, एमआरसीईएम, प्रोमेट्रिक यांपैकी त्या त्या देशाला लागणारी परीक्षा द्यावी लागते.

५. मी बीएएमएस आहे आणि १०८ वर काम करतो. मला जाता येईल का?

खरं सांगायचं तर परदेशात डॉक्टर म्हणून बहुतेक ठिकाणी नाही. तिथे आधुनिक वैद्यकाचीच नोंदणी मागतात. पण म्हणून तुमचं काम कमी ठरत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिका घेऊन राज्यात १०८ सुरू झाली, तेव्हा गाडीत डॉक्टर बसवायचं ठरलं आणि त्यांतले पुष्कळ जण बीएएमएस होते. चालत्या गाडीत, खड्ड्यांतून, अर्धवट उजेडात रुग्ण सांभाळण्याचा सराव अनेक एमडींना नसतो. सार्वजनिक आरोग्यातली पदवी घेऊन साथनियंत्रण, लसीकरण किंवा प्रकल्प समन्वय या बाजूने संस्थांमध्ये शिरता येतं. मेळघाटात आणि गडचिरोलीत तर तुमची आजही गरज आहे.

६. नर्स आणि फार्मासिस्टना संधी आहे का?

भरपूर, आणि बऱ्याचदा डॉक्टरांपेक्षा जास्त. प्रसूतीचा अनुभव असलेल्या नर्सला सगळीकडे मागणी आहे. छावणीतल्या दवाखान्यात रात्रपाळी प्रत्यक्षात कोण चालवतं, हे तिथे गेल्यावर दिसेलच.

७. जाण्याआधी कोणते कोर्स करावेत?

एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरचे उपचार) आणि एटीएलएस (अपघातातल्या जखमींचे उपचार) तुम्ही केलेले असतीलच. त्यापेक्षा जास्त कामाचा आहे जागतिक आरोग्य संघटनेचा ‘बेसिक इमर्जन्सी केअर’. हाताशी फार काही नसताना श्वास, शॉक, बेशुद्धी आणि जखमा कशा हाताळायच्या, एवढंच त्यात शिकवतात. दुसरी गोष्ट सोनोग्राफी. छातीत हवा शिरलीय का, पोटात रक्त साचलंय का, हृदय कसं चाललंय, एवढं पाहता आलं तरी खूप झालं. उष्णकटिबंधीय वैद्यकातला डिप्लोमा चांगला, पण महाग. विदर्भात दोन पावसाळे मन लावून काम केलेल्याला त्यातलं बरंचसं आधीच येत असतं. ते कसं, हे पुढच्या उत्तरात.

८. नागपूरकडचा अनुभव तिकडे खरंच उपयोगी पडतो का?

पडतो, आणि आपल्या मुलांना याची कल्पनाच नसते.

आधी उन्हाचं. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे महिन्यात मेडिकल-मेयोत काम केलेल्याला उष्माघात पुस्तकातून शिकावा लागत नाही. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर आणि माणूस बरळतोय किंवा बेशुद्ध आहे, म्हणजे तपासण्यांची वाट न पाहता आधी थंड करायचं. अर्ध्या तासात तापमान खाली आलं पाहिजे. ताडपत्रीची झोळी करून त्यात माणूस ठेवा, बर्फाचं पाणी ओता. ३९ च्या आसपास आलं की थांबा, नाहीतर तो गारठतो. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही. बर्फ नसेल तर अंग ओलं करून पंखा लावा. मात्र हा उपाय कोरड्या हवेतच चालतो. आपला कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट करतो, तसंच हे. दमट किनाऱ्यावरच्या छावणीत ओल्या चादरीवर विसंबून राहू नका, रुग्णाला पाण्यात बुडवायची सोय करा.

दुसरं, फवारणीची विषबाधा. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर दगावले, ते विदर्भ विसरलेला नाही. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिन २ ते ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचं, ते फुप्फुसं कोरडी होईपर्यंत. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबणारे पुष्कळ पाहिलेत. बाहुल्यांकडे बघू नका, स्टेथोस्कोप छातीला लावा. श्रीलंकेपासून आफ्रिकेतल्या शेतीच्या पट्ट्यापर्यंत हे कौशल्य चालतं.

तिसरं, सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे आणि आफ्रिकेतही तोच भेटतो. ताप आलेलं सिकलसेलचं मूल कधीच साधं समजायचं नाही, हे इथे इंटर्नलाही ठाऊक असतं. तिकडे त्यात मलेरियाची भर असते. सिकलसेलच्या वाहकाला तीव्र मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, पण ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला मलेरिया जिवावर बेततो. या दोहोंत गल्लत करू नका.

आणि मलेरिया. गडचिरोलीतला फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार, पाहिलेल्याला वेगळं काय सांगायचं? तीव्र मलेरियात शिरेतून आर्टेसुनेट २.४ मिलिग्रॅम प्रतिकिलो, सुरुवातीला, १२ तासांनी आणि २४ तासांनी. २० किलोंखालच्या मुलांना ३ मिलिग्रॅम. तिकडे एकच सावधगिरी जास्त. इरिट्रिया आणि इथिओपियाच्या बाजूला काही परजीवींमध्ये आपल्या नेहमीच्या रॅपिड किटला सापडणारं प्रथिनच नसतं. किट निगेटिव्ह आलं, तरी लक्षणं बोलत असतील तर स्लाईड पाहा.

९. सापाची लस इथून सोबत नेऊ का? आफ्रिकेत चालेल ना?

चालणार नाही. आपली पॉलिव्हॅलंट लस, म्हणजे विषावरचा उतारा, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनते. आफ्रिकेतले साप वेगळे, विष वेगळं. भारतीय विषावर बनलेली लस आफ्रिकेत वापरून ती अपुरी पडल्याचे अनुभव नोंदले गेले आहेत. तिकडचं फुरसं दिसायला आपल्या फुरशाचा भाऊबंद असलं तरी आपली लस त्यावर भरवशाची नाही. तिथे तिथलीच लस वापरा आणि बाटलीवरची सापांची यादी वाचल्याशिवाय ती फोडू नका. भारतातही अपवाद आहेतच. पश्चिम घाटातल्या नाकाड्या चापड्यावर आपली लस लागू पडत नाही.

तपासणीची पद्धत मात्र सगळीकडे सारखी. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्या, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवा, मग एकदाच तिरकी करून पाहा. गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर निकाल फसवा येतो. आपल्याकडे सुरुवातीला १० बाटल्या तासाभरात देतात, मूल असो वा मोठा माणूस. लहान मुलाला डोस कमी करायचा नाही, कारण सापाने विष कमी सोडलेलं नसतं. अ‍ॅड्रेनालिन भरून उशाशी ठेवा. रिअ‍ॅक्शन आली तर मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत.

मण्यारचं एक लक्षात असू द्या. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन येतो. चाव्याची खूण दिसत नाही आणि दुपारपर्यंत पापण्या पडायला लागतात. त्याला गाडीत घालण्याआधी प्रश्न १२ वाचा.

१०. विंचवाच्या दंशाला काय?

लाल विंचू असेल तर प्राझोसिन. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या साध्या दवाखान्यात काम करून हे उपचार जगापुढे ठेवले. मोठ्या प्रयोगशाळेशिवायही संशोधन होतं, हे ज्यांना पटत नाही त्यांनी त्यांचे लेख वाचावेत.

११. ऑक्सिजन किती वेळ पुरेल हे कसं काढायचं?

भरलेल्या बी टाईप सिलेंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला १० लिटर दिला तर १५० मिनिटं, ५ लिटर दिला तर पाच तास. काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धा. भामरागड ते गडचिरोली जवळपास १८० किलोमीटर आहे आणि पावसाळ्यात तो रस्ता घड्याळ पाळत नाही. म्हणजे १० लिटरवरच्या रुग्णाला एक सिलेंडर घेऊन निघणं म्हणजे वाटेतच थांबणं. हिशेब करताना प्रवासाचा वेळ दीडपट धरा. सॅच्युरेशन १०० ठेवायचा अट्टाहास सोडा. बहुतेकांना ९२ ते ९४ पुरतं, आणि त्या फरकात तासभराचा ऑक्सिजन वाचतो. कॉन्सन्ट्रेटर चांगला, पण तो विजेवर चालतो. जनरेटरचं डिझेल किती उरलंय, हेही मग तुमच्या केसपेपरवर यायला हवं. हाताने दाबून श्वास देण्याची अँबू बॅग कायम सोबत असू द्या.

१२. रुग्ण रेफर कधी करायचा आणि कधी करायचा नाही?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात. ‘आमच्याकडे सोय नाही, नागपूरला न्या’ असं चिठ्ठीवर लिहिलं की आपली सुटका झाली, असं अनेकांना वाटतं. तुमच्या दारातून निघालेला रुग्ण जिवंत पोचणार नसेल, तर ते रेफर करणं नव्हे, ते हात झटकणं आहे.

निघण्याआधी जे करता येतं ते करूनच निघायचं. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट, शिरेतून ४ ग्रॅम सावकाश आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, दिल्याशिवाय गाडीत घालायचं नाही. मण्यारच्या रुग्णाची मान लुळी पडायला लागली असेल तर श्वासनलिका इथेच सुरक्षित करा. अंधारात, चालत्या गाडीत नळी घालायची वेळ येऊ देऊ नका. छातीत हवा साचली असेल आणि हेलिकॉप्टरने न्यायचं असेल, तर आधी नळी टाका, कारण उंचीवर ती हवा फुगते. अपघातात रक्तस्राव असेल तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम पहिल्या तीन तासांत. नंतर दिलं तर नुकसान होऊ शकतं.

कधी पाठवायचं नाही? रस्ता बंद असताना, सोबत कोणी नसताना, आणि जिथे पाठवतोय तिथे घेतील याची खात्री नसताना. समोरच्या डॉक्टरशी स्वतः फोनवर बोला. चिठ्ठीवर वेळ, दिलेली औषधं आणि शेवटचं बीपी लिहा. रेंज नसेल तर वायरलेस कोणाकडे आहे, हे रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे केंद्रावर तुम्ही एकटेच डॉक्टर आहात आणि रुग्णासोबत डॉक्टर जाणं गरजेचं आहे. तुम्ही गेलात तर मागे रात्रभर कोणी नाही. याला ठरलेलं उत्तर नाही. मी बहुधा अनुभवी नर्सला सोबत पाठवते आणि वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला रस्त्यावर येऊन भेटायला सांगते. श्वासाची नळी घातलेली असेल तर मात्र स्वतः जाते.

काही रेफरल आधीच टाळता येतात. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांलगतची ‘माहेरघरं’ याच विचारातून आली. नववा महिना लागला की बाईने येऊन राहायचं, म्हणजे कळा सुरू झाल्यावर खाटेची कावड करून नाले ओलांडायला नकोत.

१३. औषधांची पेटी सोबत नेऊ का? कस्टम्समध्ये अडवतात का?

स्वतःपुरती औषधं प्रिस्क्रिप्शनसह, मूळ पाकिटात न्या. रुग्णांसाठीची औषधं संस्था पाठवते, ती तुमच्या बॅगेत नकोत. कीटामिन हे दुर्गम भागातलं सगळ्यात कामाचं औषध. श्वास चालू राहतो, बीपी टिकतं, आणि एकट्या डॉक्टरला मोडलेलं हाड बसवता येतं. पण ते भारतात शेड्यूल एक्स या कडक निर्बंधांच्या यादीत आहे आणि परवानगीशिवाय सीमेपार नेणं गुन्हा ठरू शकतो. मॉर्फिनचंही तसंच. ट्रामाडॉल आपल्याकडे २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. नागपूरहून निघणारे अनेक जण शारजा किंवा दोहामार्गे जातात आणि आखातात नियम फार कडक आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही अडचणीत आणू शकतं. आईने बांधून दिलेल्या डब्यातली खसखसही काढून ठेवा. अमिरातीत ती चालत नाही.

१४. स्वतःसाठी कोणत्या लसी आणि गोळ्या?

हिपॅटायटिस बी घेतली असली तरी टायटर, म्हणजे रक्तातली प्रतिकारशक्ती, तपासा. धनुर्वात, टायफॉइड, रेबीजचे आगाऊ डोस, आणि आफ्रिकेच्या मेनिन्जायटिस पट्ट्यात जाणार असाल तर ती लसही. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि २०१६ पासून एकदा घेतलेली आयुष्यभर चालते. तिचं कार्ड जपा. पिवळ्या तापाच्या देशातून कार्डाशिवाय परतलात तर भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन.

मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम, निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यानंतर चार आठवड्यांपर्यंत. बहुतेक जण हे शेवटचे चार आठवडे विसरतात आणि घरी येऊन तापाने फणफणतात. सुई टोचली तर एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ताबडतोब, फार तर ७२ तासांच्या आत. ते तुमच्या कॅम्पवर कुठे ठेवलंय, हे पोचल्याच दिवशी पाहा.

१५. भाषा येत नाही. संमती कशी घ्यायची?

माडिया, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्यांपुढे आपली मराठीही परकीच असते. दुभाषा म्हणून आशा ताई किंवा नर्स सगळ्यात चांगली. लहान मूल नको, आणि बाळंतपणाच्या किंवा मारहाणीच्या केसमध्ये नवरा तर नकोच. सांगून झालं की ‘समजलं का?’ विचारू नका, ‘आता मी काय करणार ते तुम्ही सांगा’ म्हणा. रुग्ण बेशुद्ध आहे, सोबत कोणी नाही आणि जीव धोक्यात आहे, तेव्हा सद्हेतूने केलेल्या उपचाराला कायदा संरक्षण देतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० त्यासाठीच आहे. नोंद मात्र वेळेसकट ठेवा.

लोक आधी पुजाऱ्याकडे किंवा मेळघाटात भूमकाकडे जाऊन येतात, यावर चिडू नका. चिडलात तर पुढच्या वेळी ते तुमच्याकडे येणारच नाहीत. भूमकाशी ओळख ठेवा. त्याने स्वतः ‘याला दवाखान्यात न्या’ म्हटलं की माणूस दोन दिवस आधी पोचतो.

१६. नक्षलग्रस्त भागात किंवा युद्धाच्या ठिकाणी सुरक्षिततेचं काय?

शस्त्र दवाखान्याच्या दाराबाहेर, मग ते कोणाचंही असो. जो जखमी येईल त्याच्यावर उपचार, आणि कायद्याप्रमाणे एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद. यात कोणाची बाजू घ्यायची नाही आणि कोणाबद्दल चौकशाही करायच्या नाहीत. फोटो काढू नका, रात्रीचा प्रवास टाळा, आणि स्थानिक सहकारी ‘आज जाऊ नका’ म्हणाला तर कारण न विचारता थांबा. दवाखान्यावरच्या वैद्यकीय चिन्हाने पूर्ण संरक्षण मिळतं असं समजू नका. ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानात ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’चं कुंदूझचं रुग्णालय हवाई हल्ल्यात उद्ध्वस्त झालं आणि ४२ जण मेले. त्या रुग्णालयाचं नेमकं ठिकाण सगळ्या बाजूंना आधीच कळवलेलं होतं. घरच्यांना हे सांगूनच जा.

१७. विमानात ‘कोणी डॉक्टर आहे का?’ विचारलं तर उठायचं का?

उठा. दारू प्यायला असाल तर तसं सांगा आणि बसून राहा. आपली पात्रता खरी सांगा: ‘मी इंटर्न आहे’ म्हणण्यात कमीपणा नाही. विमानातली वैद्यकीय पेटी मागा. जमिनीवरचा डॉक्टर फोनवर असतो, त्याच्याशी बोला. विमान उतरवायचं की नाही हे कॅप्टन ठरवतो, तुम्ही फक्त सल्ला द्यायचा. अमेरिकन विमान कंपन्यांच्या बाबतीत तिथला १९९८ चा कायदा मदत करणाऱ्या डॉक्टरला संरक्षण देतो. आपल्याकडे रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ आहे. विमानासाठी मात्र असं वेगळं कलम नाही, सद्हेतूचं सर्वसाधारण तत्त्वच आहे (प्रश्न १५). म्हणून केलं ते लिहून क्रूकडे द्या.

नागपूर देशाच्या मधोमध असल्याने अशी विमानं पुष्कळदा इथेच उतरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बिमान बांगलादेशच्या वैमानिकालाच हृदयविकाराचा झटका आला, तेव्हाही विमान नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच उतरवलं. आपल्या कॅज्युअल्टीत बसूनही आंतरराष्ट्रीय रुग्ण येतात ते असे. परदेशी रुग्ण आला तर पासपोर्टची प्रत, विमा कंपनीचा नंबर आणि दूतावासाला कळवणं ही तीन कामं उपचारांसोबतच सुरू करा.

१८. पगार किती मिळतो? घरचे ऐकत नाहीत, काय सांगू?

मानवतावादी संस्थांत पगार साधा असतो. प्रवास, राहणं आणि विमा त्यांचा. गृहकर्ज डोक्यावर असेल तर आधी त्याचा हिशेब करा. आईवडिलांना माझे सल्ले नकोत, तुमचा संपर्काचा नंबर, परतीची तारीख आणि विम्याचा कागद हवा असतो. तो द्या. लग्न ठरलेलं असेल तर समोरच्या घराला आधी सांगा, नंतर नाही.

१९. मी एकटाच डॉक्टर आहे आणि मीच आजारी पडलो तर?

हा प्रश्न बहुधा अंटार्क्टिकाला अर्ज करणारे विचारतात. गोव्याची एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधन करणारी सरकारी संस्था मैत्री आणि भारती या आपल्या तळांसाठी डॉक्टर निवडते आणि हिवाळ्यात महिनोन् महिने तिथून कोणाला हलवता येत नाही. मैत्रीच्या शेजारच्याच नोवोलाझारेव्स्काया या तळावर ३० एप्रिल १९६१ रोजी लिओनिद रोगोझोव्ह या सोव्हिएत डॉक्टरने स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं. स्थानिक भूल, समोर धरलेला आरसा आणि मदतीला डॉक्टर नसलेले सहकारी. ते त्यातून बरे होऊन पुन्हा कामाला लागले. ऑस्ट्रेलिया तर हिवाळा काढायला जाणाऱ्या डॉक्टरचं अपेंडिक्स आधीच काढून घ्यायला लावते.

तुमच्यावर ती वेळ येण्याची शक्यता कमी. दात दुखण्याची मात्र भरपूर. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी दाढा तपासून घ्या, किडनी स्टोनची शंका असेल तर सोनोग्राफी करा, चष्म्याची जादा जोडी ठेवा. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात दोन सहकाऱ्यांना सलाईन लावायला, इंजेक्शन द्यायला आणि अँबू बॅग दाबायला शिकवा. स्वयंपाकी आणि जनरेटरवाला हे लवकर शिकतात.